माडीवर गरम फरशी: सिमेंट बोर्ड की खुंट्यांची मॅट?

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरात माडीवर टाइल बसवायची म्हटली की बहुतेक मिस्त्री एकच तोडगा सांगतात: दोन इंच कोबा टाकू आणि वर फरशी. खालच्या खोलीत ते ठीक आहे, लाकडी कड्या-फळ्यांच्या कडीपाटावर नाही. दोन इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला १२० किलोच्या आसपास जातं, टाइल आणि ती चिकटवायचा मसाला वेगळा. शिवाय कोब्यातलं पाणी आठवडाभर लाकडात मुरत राहतं. त्यामुळे कोब्याचा विषय इथेच सोडतो.

उरतात दोन पद्धती. पहिलीत फळ्यांवर प्लाय, त्यावर फायबर सिमेंट बोर्ड, बोर्डावर जाळीत गुंफून आलेली हीटिंग वायर, ती बुडेल इतकं सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (ओतलं की आपोआप सपाट पसरणारं) आणि वर टाइल. दुसरीत फळ्यांवर प्लाय, प्लायवर प्लॅस्टिकच्या खुंट्या असलेली अनकपलिंग मॅट (खालची सरकासरकी टाइलपर्यंत जाऊ न देणारी), खुंट्यांच्या मधल्या खाचेत दाबून बसवलेली सुटी केबल आणि लगेच टाइल. दोन्ही पद्धतींच्या फरश्या नीट टिकलेल्या आहेत, त्यामुळे एक खरी नि दुसरी खोटी असं म्हणणार नाही. माझा कल दुसरीकडे आहे. कारण एकच आहे, ते पुढे येईलच.

खानदेशात फरशी गरम कशाला करायची, असं मे महिन्यात कुणीही विचारेल. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो. तोरणमाळला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत शेकोटीशिवाय सकाळ उजाडत नाही, आणि गुडघे धरलेल्या आजीला त्या वेळी गार फरशीवर पाय टेकवणं नको होतं. वापर जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. मात्र केबल नाही घातली तरी खालची तयारी तीच करावी लागते, कारण आपल्याकडे माडी वरूनही तापते. पत्र्याखालची खोली मे महिन्यात दिवसभर भाजून निघते आणि फळ्या वाळून फटी उघडतात. श्रावणात त्याच फळ्या फुगून एकमेकींना भिडतात. ओलावा मोजायच्या मीटरवर सागाची फळी उन्हाळ्यात सहा-सात टक्के दाखवते, भर पावसात चौदा-पंधरा. एवढ्या फरकाने नऊ इंच रुंदीची सागवानी फळी दोन ते तीन मिलिमीटर सरकते. साग गुणी लाकूड म्हणून एवढ्यावर भागतं, आंबा किंवा निंब असेल तर जास्त धरा. टाइल मात्र अशा फरकाने जवळपास हलतच नाही. केबल थंडीत खालून तापवते तेव्हा ती वेगळं काही करत नाही, फळीवर छोटासा मे महिना आणते, एवढंच. म्हणजे खरा प्रश्न असा: सरकणारं लाकूड आणि न सरकणारी टाइल यांच्या मधे काय घालायचं?

दोन्हीकडे सारखी असलेली तयारी

ही चुकली तर पुढचा वाद निरर्थक आहे, म्हणून आधी हिचंच सांगतो.

जुन्या माडीवर फळ्यांच्या वर बहुधा मातीचा थर असतो. तो पूर्ण काढा. तीन इंच मातीचं वजन चौरस मीटरला १२० ते १३० किलो भरतं, आणि नवीन प्लाय-टाइलचा सगळा डोलारा त्याच्या निम्म्याच्या आसपास बसतो. म्हणजे माती काढून टाइल बसवली तर माडी हलकी होते, जड नाही. माती न काढता वर प्लाय ठोकणं ही सगळ्यांत सर्रास दिसणारी चूक. त्या मातीत वाळवी असते, पोकळी असते, आणि स्क्रूला धरायला काहीच नसतं.

माती निघाली की तुळईची भिंतीत गेलेली टोकं बघा. लाकूड कुजतं ते तिथूनच, कारण पावसाळ्यात भिंत ओल धरते. स्क्रू ड्रायव्हर जोर न लावता पाव इंच आत गेला तर सुतार बोलवा आणि टाइलचा विषय महिनाभर बाजूला ठेवा. कड्यांना वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या तरी तेच.

मग लचक, म्हणजे भाराखाली मधे येणारा वाक. चिनी मातीच्या किंवा व्हिट्रिफाइड टाइलला गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) ३६०व्या भागापर्यंतची लचक चालते, नैसर्गिक दगडाला ७२०व्या भागापर्यंतचीच. बारा फुटांच्या गाळ्याला हा हिशेब १० आणि ५ मिमी येतो. पूर्ण भाराखाली ही लचक घरी मोजता येत नाही, पण अंदाज घेता येतो. खालच्या खोलीत कडीच्या मध्याजवळ एक सरळ काठी उभी करा, कडीवर काठीच्या टोकाशी पेन्सिलीची खूण करा आणि वर बरोबर त्याच जागी चार माणसं उभी करा. खूण तीन-चार मिमीहून जास्त खाली आली तर ती माडी आहे तशी टाइलच्या लायकीची नाही. दोन कड्यांच्या मधे एकेक नवी कडी घाला किंवा तुळईखाली लोखंडी चॅनल द्या. कोटा किंवा ग्रॅनाइटचा हट्ट असेल तर हे निम्म्यावर यायला हवं, आणि जुन्या माडीत ते क्वचितच येतं.

फळ्या कड्यांना स्क्रूने आवळून घ्या. जुने खिळे ढिले झालेले असतात, आणि करकरणारी फळी टाइलखाली गेली की सांध्यांत भरलेला ग्राउट सहा महिन्यांत भुगा होऊन निघतो. जुना साग दगडासारखा कडक होतो. आधी बारीक ड्रिल केल्याशिवाय स्क्रू मारला तर स्क्रूचं डोकं तुटतं किंवा फळीचं टोक चिरतं. खिशातला काळा ड्रायवॉल स्क्रू इथे वापरू देऊ नका, तो ठिसूळ असतो.

प्लाय पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१०चाच घ्या. १२ मिमी हे किमान झालं. कड्यांमधलं अंतर १६ इंचांहून जास्त असेल, आणि आपल्या माड्यांत ते असतंच, तर १८ मिमी. शीटची लांब बाजू कड्यांना आडवी टाका आणि जोड विटेसारखे उलटसुलट ठेवा. दोन शीटच्या मधे ३ मिमी आणि भिंतीपाशी ६ मिमी फट मोकळी सोडा. कडेला सहा इंचांवर, मधे आठ इंचांवर स्क्रू. हे स्क्रू फळीतच थांबले पाहिजेत, कडीत जाता कामा नयेत, नाहीतर कडीची प्रत्येक हालचाल थेट वरच्या थरात येते. लांबीही मोजून घ्या: १८चा प्लाय आणि २८ची फळी मिळून ४६ होतात, त्यामुळे ४० मिमीचा स्क्रू पुरे. ५० मिमीचा मारला तर खालच्या खोलीत छताला टोकं दिसतील, आणि कडीपाट दिसावा म्हणूनच तर लोक जुनं घर जपतात.

आता सपाटी. दीड फुटाच्या किंवा मोठ्या टाइलला दहा फुटांत ३ मिमीहून जास्त चढउतार चालत नाही. जुन्या माडीत तो बारा-पंधरा मिमी सहज निघतो. तो प्लाय ठोकण्याआधी, लाकडानेच काढा. फळ्यांवर दोरी ताणा, उंचवटे रंध्याने उतरवा, खोलगट भागात पातळ पट्ट्या गोंद लावून बसवा आणि मगच प्लाय टाका. सुताराचे दोन दिवस जास्त जातात. पण हे दोन दिवस वाचवायला गेलं की पुढे काय होतं ते आता बघा.

सिमेंट बोर्ड

बोर्डाचे गुण खरे आहेत. ८×४च्या शीटमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो, गवंड्याच्या ओळखीचा आहे, ओलाव्याने कुजत नाही, टाइलचा मसाला त्याला घट्ट धरतो. एक गैरसमज मात्र काढून टाका: बोर्डाने मजबुती येत नाही. ६ किंवा ८ मिमीचा बोर्ड फक्त मसाल्याला धरायला चांगला पृष्ठभाग देतो. लचकणारी माडी बोर्डाखालीही लचकतेच.

बसवताना बोर्डाखाली खाचेच्या थापीने मसाला ओढा, बोर्ड ओल्या मसाल्यात दाबा आणि आठ-आठ इंचांवर गंज न धरणारे स्क्रू मारा. प्लायचे जोड आणि बोर्डाचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. जोडांवर अल्कलीला न गळणारी फायबरची जाळीपट्टी लावून मसाला भरा. पुष्कळ ठिकाणी बोर्डाखालचा मसाला वाचवतात, नुसते स्क्रू मारतात. मग बोर्डाखाली पोकळी राहते आणि चालताना ढबढब वाजतं. जोडांवर जाळीपट्टी नसेल तर वर्षाभरात चार फुटांवर ग्राउटमध्ये सरळ रेघ उमटते. टाइलवर तडा कुठे जातोय ते बघून खालच्या बोर्डाचं माप सांगता येतं.

इथवर बोर्ड आणि मॅट यांत फार फरक नाही. फरक पडतो तो केबल घातल्यावर. बोर्डावर अंथरलेली हीटिंगची जाळी तशीच ठेवून वर मसाला ओढता येतो, काही मिस्त्री ओढतातही. पण थापीची खाच वायरला लागते. वायरच्या आवरणाला ओरखडा गेला की तो दिसत नाही, आणि कळतो तेव्हा वर टाइल बसलेली असते. म्हणून शहाणपणाचा मार्ग हा की जाळीवर आठ-दहा मिमीचं सेल्फ लेव्हलिंग ओतायचं, वायर पूर्ण बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी सपाट पृष्ठभागावर निवांत टाइल लावायची.

हे ओतणंच माझ्या मते या पद्धतीचं दुखणं आहे.

सेल्फ लेव्हलिंग पातळ ताकासारखं असतं. जमिनीवर ओतलं तर पसरून थांबतं. माडीवर ओतलं की ते वाट शोधतं. भिंतीपाशी सोडलेली ६ मिमीची फट, फळ्यांची टोकं ज्या खोबणीत गेली आहेत ती खोबण, जिन्याच्या तोंडाची कड, वायरिंगचं जुनं भोक, सगळीकडून ते खाली उतरतं. खालच्या खोलीत ते सागाच्या फळीवर ओघळून काळपट डाग पाडतं, आणि तो डाग पॉलिश पेपरने पूर्ण जात नाही. म्हणून ओतण्याआधी चारही भिंतींना फोमची पट्टी, प्रत्येक सांध्यात अॅक्रिलिक सीलंट, जिन्याच्या तोंडाला पट्टीचा बांध आणि दोन हात प्रायमर लागतो. प्रायमर एकच हात दिला तर कोरडा बोर्ड पाणी शोषतो आणि वर बारीक फोड येतात. सगळं केलं तरी एखादी फट राहतेच, आणि ती ओतल्यावरच सापडते.

दुसरी अडचण हवेची. ही कंपाउंड साधारण १० ते ३५ अंशांत वापरायची असतात, आणि गोणीवर लिहिलेली पंधरा-वीस मिनिटं तेवीसेक अंशांच्या खोलीतली असतात. आखाजीच्या सुमारास पत्र्याखालच्या माडीवर दुपारी ओतलं तर पहिली बादली पसरण्याआधी आवळायला लागते, दुसरी तिच्यात मिसळत नाही आणि मधे काठ राहतो. मिस्त्री मग पाणी वाढवतो. पाणी वाढलं की वर दुधाळ साय येते, वाळल्यावर ती नखाने निघते, आणि टाइल त्या सायीला चिकटते, खालच्या थराला नाही. पहाटे काम काढावं, पाणी माठातलं घ्यावं, गोण्या आदल्या रात्री खालच्या गार खोलीत ठेवाव्यात. हे सगळं जमतं, पण शंभर चौरस फुटांना १० मिमी म्हणजे २५ किलोच्या सहा-सात गोण्या अर्ध्या तासात न थांबता ओताव्या लागतात. त्याला दोन मिक्सर आणि चार हात लागतात, आणि मधेच वीज गेली तर काय? आपल्या भागात हा प्रश्न जपूनच विचारावा लागतो. शिवाय जाळीला पुरेसा गोंद नसेल तर वायर ओल्या कंपाउंडमध्ये तरंगून वर येते. ती दाबायला कुणीतरी काटकी घेऊन उभं राहतं, तोवर कंपाउंड घट्ट झालेलं असतं.

खुंट्यांची मॅट

मॅटला हे ओतणं लागत नाही. प्लायवर मसाला ओढायचा, मॅटची कापडाची बाजू त्यात दाबायची आणि जड रूळ फिरवायचा. एक कोपरा उचलून बघायचा: कापडभर मसाला भिजलेला दिसला पाहिजे, सुके पट्टे दिसले तर मसाला कोरडा पडलाय किंवा खाच लहान आहे. मग केबल खुंट्यांत दाबायची. ती खुंटीच्या डोक्याखाली राहते, त्यामुळे थापी वरून फिरली तरी वायरला लागत नाही. अंतरही खुंट्याच ठरवतात, दर किती खुंट्यांवर वळायचं ते केबलच्या कागदावर असतं. टाइल लावताना आधी थापीच्या सपाट बाजूने सगळ्या खाचा भरून घ्यायच्या, मग खाचेची बाजू फिरवायची.

मॅटचं खरं काम केबल धरणं नाही. खालचा प्लाय आडवा सरकला तर मॅट ती ओढ स्वतःत जिरवते, टाइलपर्यंत जाऊ देत नाही. वर सांगितलेली उन्हाळा-पावसाळ्याची सरकासरकी डोळ्यांसमोर ठेवली तर आपल्या हवेला हे जास्त मानवतं, असं वाटतं. मात्र ती आडवीच सरकासरकी जिरवते. माडी वरखाली लचकत असेल तर मॅट काहीही वाचवत नाही.

उंचीत आणि वजनातही मॅट उजवी आहे. प्लायसकट बोर्डाची पद्धत साधारण पन्नास मिमी जाते, मॅटची चाळीसच्या आत-बाहेर. माती काढलेली असेल तर या दहा-बारा मिमीला अर्थ नाही. माती नसलेल्या माडीत मात्र जिन्याची शेवटची पायरी तेवढीच उंच होते, आणि म्हातारं माणूस ठेचकाळतं ते तिथेच. वजनात चौरस मीटरला सत्तर किलो विरुद्ध पंचेचाळीस असा अंदाज धरा. थर पातळ असल्याने मॅटवरची फरशी लवकर ऊन होते. पहाटे तासभरासाठी चालू करणाऱ्याला हा फरक पायाला कळतो.

उणिवाही सांगायला हव्यात. मॅट महाग आहे. तिच्या एकटीच्या पैशांत बोर्ड, पट्टी, स्क्रू आणि कंपाउंड मिळून बहुधा बसतं. नंदुरबार-जळगावच्या दुकानात ती क्वचितच ठेवलेली असते, सुरत, नाशिक किंवा पुण्याहून मागवावी लागते, आणि एक शीट कमी पडली की काम आठ दिवस थांबतं. त्यामुळे दहा टक्के जास्तच मागवा. दोन इंचांहून लहान टाइल हिच्यावर चालत नाही, खुंट्यांमधल्या जागी दाब येऊन ती फुटते. आणि मसाला सावकाश सुकतो: खाली प्लॅस्टिक, वर व्हिट्रिफाइड, पाण्याला जायला वाट फक्त सांध्यांची. हिवाळ्यात ग्राउटआधी दोन दिवस थांबा, पावसाळ्यात तीन. कानबाईच्या सणाआधी घर तयार हवं म्हणून श्रावणातच काम उरकायची घाई होते, त्या घाईत हेच दिवस खाल्ले जातात.

मसाला दोन्ही पद्धतींत लवचीक हवा, गोणीवर सी२ टीई एस१ असं वर्गीकरण बघून घ्या. कडेला भिंतीपाशी सहा-आठ मिमीची फट सिलिकॉनने भरा, ग्राउटने नाही. केबल असो वा पत्र्याचं ऊन, दहा-बारा फुटांवर मधेही असा एक मऊ सांधा सोडा. तो दिसायला नको म्हणून मिस्त्री टाळतात, आणि मग उन्हाळ्यात मधली टाइल फुगून उचलली जाते.

वीज आणि गादी

दहा बाय दहाच्या खोलीत कपाट आणि कडा वगळून साडेसात चौरस मीटर भाग तापवायचा धरला, तर चौरस मीटरला १५० वॉटच्या हिशेबाने सव्वाअकराशे वॉट, म्हणजे पाच अँपिअर. भार मोठा नाही, पण सर्किट स्वतंत्र घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावाच. थंडीत संध्याकाळी व्होल्टेज २००वर आलं तर केबल पाऊणपटच तापते. तो केबलचा दोष नाही. केबल कापून लांबी कमी करायची नसते आणि ती एकमेकींवरून न्यायची नसते. फरशीचं तापमान बघणारा सेन्सर केबलच्या दोन वेढ्यांच्या बरोबर मधे, पाइपात घालून ठेवा, म्हणजे बिघडला तर ओढून बदलता येतो.

आपल्याकडे जमिनीवर गादी घालून झोपायची पद्धत आहे, आणि केबलच्या माहितीपत्रकात हे ठळक लिहिलेलं नसतं. गादी, गोधडी किंवा कापसाचं जाड बस्कर फरशीवर पडलं की खालची उष्णता कोंडते. सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर त्याला ते कळत नाही आणि तो केबल चालूच ठेवतो. खाली लाकूड आहे हे विसरू नका. झोपायची जागा आधी ठरवा आणि तिच्याखाली केबल नेऊच नका. थर्मोस्टॅट २८ अंशांवर ठेवला तरी पायाला पुरेसं ऊन लागतं.

कुणी काय घ्यावं

केबल घालायचीच नसेल, खर्च आवरायचा असेल आणि फळ्या बऱ्यापैकी सपाट असतील, तर सिमेंट बोर्ड घ्या, त्यात वावगं काही नाही. माडी इतकी वाकडी असेल की लाकडाने सपाटी निघतच नाही, तर सेल्फ लेव्हलिंग तसंही ओतावं लागेल. मग मॅटचा निम्मा फायदा गेला, तेव्हाही बोर्डाकडे वळलेलं बरं. पण खाली राहती खोली असेल, कडीपाट उघडा आणि पॉलिशचा असेल, आणि केबल नक्की असेल, तर मॅटसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं सुचवेन. खालच्या छतावर एक ओघळ उतरला की वाचवलेले पैसे सुताराकडे आणि पॉलिशवाल्याकडे जातात.

दोन्ही बाबतीत टाइल लागल्यावर २८ दिवस केबल चालू करायची नाही. जानेवारीच्या थंडीत ती हवी असेल तर दिवाळी झाली की काम काढा. तोवर फळ्याही पावसाचं पाणी टाकून बऱ्यापैकी वाळलेल्या असतात. केबलचा रोध (रेझिस्टन्स) तीनदा मोजा: पेटीतून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल लागल्यावर. तिन्ही आकडे पेटीवरच्या आकड्याशी जुळले पाहिजेत, आणि प्रत्येक वेळी मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) इन्सुलेशनही बघा. मिस्त्री टाइल लावत असताना मल्टिमीटर केबलला जोडूनच ठेवा, आकडा अचानक बदलला तर नुकतीच लावलेली ओली टाइल उचलता येते. शेवटचा आकडा तारखेसह मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा.